टिपऱ्यांचं घर जुनं का होत नाही?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज हप्ता नाही, व्याज नाही, वही उघडायची नाही. आज आपण टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिकांबद्दल बोलू. काही जणी म्हणतील, हा काय बचत गटाचा विषय झाला? ऐकून तर घ्या.

आम्ही समन्वयक मंडळी महिनाभर गावोगाव फिरतो. जुन्नरच्या पूर्वेला टोमॅटो-कांद्याच्या गावांत जातो, आणि आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, हिरडा गोळा करणाऱ्या वाड्यांतही जातो. बैठकीची वेळ चारची असली तरी सगळ्या जमेपर्यंत साडेचार होतात. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढतंच. हल्लीच्या मालिकांवर बोलणं होतं, कालच्या भागात कोण कुणाला काय म्हणालं वगैरे. पण चार जणींनी मिळून काही बघायचं म्हटलं, की बरेचदा लागतं ते ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. ही मालिका अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली २००१ साली. म्हणजे आज ती बघून हसणाऱ्या काही सुना तेव्हा पाळण्यात होत्या. नव्या मालिकेचा मागच्या वर्षीचा भाग कुणी पुन्हा लावत नाही, आणि ही पंचवीस वर्षांपूर्वीची मात्र लावतात. असं का होतं, त्याचा आम्ही थोडा विचार केला.

आपला भाग काही विनोदाला नवखा नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. तमाशात सोंगाड्या आहे, गवळणीतली मावशी आहे, बतावणी आहे. हजरजबाबीपणात त्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. पण समोर बसून हसायचं कुणी? पुरुषांनी. नाचणारी, गाणारी बाई, आणि प्रेक्षकांत बाया नाहीत. आमच्या आज्यांना तमाशाबद्दल विचारलं तर त्या सांगतात, यात्रेच्या रात्री ढोलकीचा आणि हसण्याचा आवाज घरापर्यंत यायचा. काय विनोद झाला ते सकाळी कळायचं, तेही सांगण्यासारखा असला तर.

टीव्हीनं ही गोष्ट बदलली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि ते दशक संपता संपता पडद्यावर चिमणराव आणि गुंड्याभाऊ आले. चिं. वि. जोशींनी हा चिमणराव स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी लिहिलेला. १९४० सालच्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांनी तो रंगवला होता. टीव्हीवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आपल्याकडे टीव्ही पोचायला आणखी वेळ लागला. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या पडवीत सगळी आळी, अशी ती वेळ होती. पण त्या पडवीत बायाही बसायच्या, पोरं मांडीवर घेऊन. गावातल्या पुरुषांसमोर, सासऱ्यासमोर बायकांनी मोठ्यानं हसायचं, ही लहान गोष्ट नव्हती. ‘काय खिदळतेस’, ‘बाईमाणसानं दात काढू नयेत’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. इथे तर सासराच आधी हसायचा.

तर या मालिका टिकतात कशामुळे? आमच्या मते मोठं कारण म्हणजे घर. एक घर, चार-पाच माणसं, आणि कुणालाही कुणाला सोडून जाता येत नाही. टिपऱ्यांकडे बघा. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, शलाका आणि शिऱ्या ही नातवंडं. प्रत्येकाचा एक स्वभाव, आणि तो काही केल्या बदलत नाही. अर्ध्या तासात काहीतरी गडबड होते, सगळे आपापल्या स्वभावाप्रमाणे ती वाढवतात, आणि शेवटी घर होतं तिथे येऊन थांबतं. रोजच्या मालिकेला हे परवडत नाही. आठवड्याला पाच-सहा भाग भरायचे म्हणजे गोष्ट पुढे ढकलावी लागते, आणि ती ढकलायला कुणीतरी दुष्ट लागतं. मग जाऊ विष कालवते, मेलेला नवरा परत येतो. एकदा कळलं की विष कुणी कालवलं, की तो भाग दुसऱ्यांदा कशाला बघायचा? टिपऱ्यांच्या भागात पुढे काय होणार हे माहीत असतं, आणि तरीही आबांचा चेहरा आता कसा होईल हे बघायला आपण थांबतो. मुळात हे प्रभावळकरांचं डायरीच्या रूपातलं लेखन, ‘अनुदिनी’ नावाचं. ते आधी लिहिलेलं होतं, माणसं पक्की झालेली होती. केदार शिंदेंनी त्याची मालिका केली. या घरात सासरा आणि सून एका छपराखाली राहतात आणि एकमेकांच्या जिवावर उठत नाहीत, एवढंही आजकाल नवल वाटतं.

परदेशातही हेच दिसतं. आमच्यातल्या बी.ए. झालेल्या दोघी-तिघींनी इंग्लंडच्या जुन्या मालिका मोबाइलवर पाहिल्यात. ‘फॉल्टी टॉवर्स’ म्हणून एक आहे, १९७५ आणि १९७९ सालची. दोन्ही मिळून भाग फक्त बारा, आणि लोक अजून ते बारा भाग बघतात. एक छोटं हॉटेल, त्याचा चिडका मालक, त्याची बायको आणि नोकर. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनी ती लिहिली, आणि लिहायला लागले तेव्हा ते नवरा-बायको होते. भांडणाचा अभ्यास घरीच झाला असणार, असं आम्ही आपलं गमतीनं म्हणतो.

आणखी एक कारण आहे, ते पुरुषांच्या लक्षात येणार नाही. जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात संध्याकाळी सातनंतर बिबट्याच्या भीतीनं दारं लागतात. घरात टीव्ही चालू, रिमोट कुणाच्या हातात हे सांगायला नको, आणि आपण चुलीपुढे किंवा गॅसपुढे भाकरी थापत असतो. म्हणजे आपण टीव्ही बघत नाही, ऐकतो. या जुन्या मालिका बोलण्यावर चालतात. कपडे, दागिने, बंगले नाहीत, त्यामुळे पाठ करून बसलं तरी काही चुकत नाही. मधेच दूध उतू गेलं, पोरगं रडलं, उठून गेलो, परत आलो, तरी धागा सापडतो. आमच्या एका सीआरपी ताई म्हणतात, ‘आबांना मी बघितलं कमी, ऐकलं जास्त.’

आता विनोद नेमका कशात असतो ते बघू. माणूस स्वतःला काय समजतो आणि आपल्याला तो कसा दिसतो, या दोहोंत जे अंतर असतं ना, तिथे हसू येतं. चिमणराव स्वतःला धोरणी समजतो. याचं फार छान उदाहरण इंग्लंडच्या ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ या मालिकेत आहे, १९९० ते १९९५ मधली. बाईंचं आडनाव बकेट. बकेट म्हणजे आपली बादली. पण बाई सगळ्यांना बजावतात, उच्चार ‘बुके’ करायचा. बुके म्हणजे पाहुण्यांना देतात तो! साध्या घरात राहायचं आणि चिनी मातीच्या कपबशांचा थाट करायचा. बहिणीचं घर गरिबीचं, बहिणीचा नवरा बनियनवर टीव्हीपुढे पडलेला, म्हणून ते लोक आपल्या दारात कुणाला दिसू नयेत यासाठी हिची सगळी धडपड.

ही गोष्ट आम्ही एका गटात सांगितली. कारण असं होतं, की घरदुरुस्तीला म्हणून अंतर्गत कर्ज घ्यायचं आणि जावळाला मांडव, डीजे, पाचशे पानं उठवायची, असं त्या गावात चाललं होतं आणि हप्ते थकत होते. ‘तुम्ही दिखावा करता’ असं तोंडावर म्हटलं असतं तर पुढच्या बैठकीला निम्म्या बाया आल्या नसत्या. बादलीबाईंची गोष्ट ऐकून सगळ्या हसल्या. मग एकीनं दुसऱ्या आळीतल्या बाईचं नाव घेतलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आपल्यातच तीन बादल्या आहेत.’ त्या महिन्यात लगेच हप्ते आले असं आम्ही सांगणार नाही. आले नाहीत. पण कर्जाचं खरं कारण वहीत लिहायला तेव्हापासून सुरुवात झाली.

मात्र विनोद म्हटला की सगळंच चांगलं, असं आम्ही मानत नाही. कुणाला हसायचं, हा प्रश्न राहतोच. इंग्लंडमध्ये १९७७ साली ‘माइंड युअर लँग्वेज’ आली. लंडनच्या रात्रशाळेत परदेशी माणसं इंग्रजी शिकायला येतात आणि त्यांच्या चुकांवर हशा होतो. त्यात आपल्याकडची एक गृहिणीही आहे, वर्गात विणकाम घेऊन बसणारी. आपल्याकडे ही मालिका खूप आवडली आणि १९९३ साली तिच्यावरून हिंदीत ‘जबान संभाल के’ झाली, पंकज कपूर मास्तर. आम्हीही तिला हसलोय. पण साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीच्या बाईला सही शिकवताना ती आठवली की हसू येत नाही. वाडीवरच्या ठाकर बाईच्या बोलण्याला बँकेच्या खिडकीत कुणी हसलं, तर पुढच्या महिन्यात ती बँकेत यायचं टाळते. तिची सही दुसरंच कुणी करतं, आणि तिच्या नावावर किती कर्ज आहे हे तिला शेवटी कळतं. हसण्याची किंमत अशी पैशातही मोजता येते.

त्या ‘फॉल्टी टॉवर्स’मध्येही मॅन्युएल म्हणून स्पेनचा वेटर आहे, त्याला इंग्रजी धड येत नाही. पण मालक त्याच्यावर जितका ओरडतो तितका मालकच वेडा ठरतो. फरक इथे आहे. खालच्याला हसणारी मालिका काही वर्षांनी अंगावर येते. वरच्याचा तोरा उतरवणारी, किंवा स्वतःच्याच घराला हसणारी, ती राहते. पुरुषानं साडी नेसायची, छातीला फुगे लावायचे, जाड बाईवर कोट्या करायच्या, हे आजही टीव्हीवर चालतं. घरातले हसतात, बाई मात्र उठून आत जाते. ते भाग कुणी पंचवीस वर्षांनी लावेल असं आम्हांला वाटत नाही.

सासू-सुनेवरचा विनोद मात्र वेगळ्या तऱ्हेनं करता येतो. सचिन यांनी दिग्दर्शित केलेली ‘तू तू मैं मैं’ आठवते ना? १९९४ ची. सासू रीमा, सून सुप्रिया. दोघी तोडीस तोड, कुणीच बिचारी नाही. आमच्या एका गटात सासू आणि सून दोघी सदस्य, आणि एका हप्त्यावरून त्यांचं बोलणं बंद पडलेलं. बैठकीत एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. कुणीतरी ही मालिका लावली, तेव्हा दोघी वेगवेगळ्या वेळी हसल्या. एक सुनेच्या वाक्याला, दुसरी सासूच्या. बाकीच्या बाया त्या दोघींनाच बघून हसत होत्या. भांडण मिटलं नाही. पण ‘पासबुक कुठं ठेवलं’ इतपत बोलणं सुरू झालं.

या घरांची ओढ चॅनेलवाल्यांनाही कळते. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांतल्या सामान्य माणसावरून १९८८ साली ‘वागले की दुनिया’ आली होती, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांची. २०२१ मध्ये ती नव्यानं सुरू झाली तेव्हा तेच दोघं आजी-आजोबा होऊन आले, आणि मुलाच्या भूमिकेत सुमीत राघवन. तेच नवरा-बायको तेहतीस वर्षांनी म्हातारे होऊन पडद्यावर आले, तर प्रेक्षकाला आपल्याच नात्यातले भेटल्यासारखं वाटणार.

एक तक्रार मात्र आहे. ही सगळी घरं शहरातली. चिमणरावांचं तसं, टिपऱ्यांचं तसं, वागल्यांचंही तसंच. मळ्यातलं घर, रात्री येणारी थ्री फेज लाइट, मोटार चालू करायला बाहेर कोण जाणार यावरून बाप-लेकाची जुंपलेली, आणि दाराआडून आजी सांगतेय, ‘बॅटरी घेऊन जा रे, तो बसलाय उसात.’ यावर कुणी मालिका का केली नाही? अर्ध्या तासाचा भाग तर इथेच तयार आहे. आम्ही एका बैठकीत नुसती पात्रं मोजायला बसलो, तर वीस मिनिटांत अकरा निघाली. हिशोब तोंडपाठ असून वहीत चुकणारी सचिव, सगळ्यांना जामीन राहणारी भाबडी काकू, दर बैठकीला ‘पाचच मिनिटांत निघायचंय’ म्हणून शेवटपर्यंत बसणारी. आणि समन्वयक म्हणून आम्हीही त्यात आहोत, म्हणे. आमचं पात्र असं ठरलंय, की ते आल्या आल्या घड्याळ बघतं आणि मग तासभर बोलतं.