काट्याची पावती आणि पहिली उमेदवारी

तारापूर एमआयडीसीत मालाचा ट्रक आला की आधी वजनकाट्यावर चढतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला फरक म्हणजे माल. समजा, पुरवठादाराच्या बिलावर १० टन आहे आणि काट्याची पावती म्हणते ९ टन ८०० किलो. मग हे २०० किलो कुणाच्या नावावर टाकायचे? ड्रायव्हरला विचारून काही हाती लागत नाही. पर्चेस ऑर्डर, गेटवरची नोंद, स्टोअरने माल घेतल्याचा जीआरएन आणि बिल असे चार कागद शेजारी शेजारी ठेवून बघणारं एक टेबल आत असतं. फायनान्सचं बॅक ऑफिस म्हणतात ते हेच. बोईसर-पालघरच्या कॉमर्सच्या मुलांना दुसऱ्या वर्षाला इंटर्नशिप मिळालीच, तर ती अशाच टेबलावर मिळते.

मिळाली की घरात दोन तट पडतात. वडील म्हणतात, शिकता शिकता चार पैसे येतायत, जा. मुलीच्या डोळ्यांसमोर शेअर बाजार आणि बीकेसीतल्या काचेच्या इमारती असतात, आणि इथे तर बिलं तपासायची. शिवाय कुणीतरी मनात भरवून दिलेलं असतं, की एकदा बॅक ऑफिसचा शिक्का बसला की पुढे कुणी विचारत नाही.

ही भीती अगदीच खोटी नाही. चार-पाच वर्षं एकाच टेबलावर काढलेल्या माणसाला तिथून हलणं जड जातं. पण दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतल्या दोन महिन्यांनी शिक्का बसत नाही. मागचं टेबल म्हणजे दुय्यम काम, हा समज तर साफ चुकीचा आहे. १९९२चा रोखे घोटाळा म्हटलं की लोकांना हर्षद मेहताची लेक्सस आठवते. तो शिजला मात्र बँकांच्या मागच्या टेबलांवर, हाती रोखे नसताना लिहून दिलेल्या बँक रिसीटांवर. स्टेट बँकेच्या वह्या रिझर्व्ह बँकेकडच्या नोंदींशी जुळेनात, तेव्हा बिंग फुटायला लागलं आणि त्या एप्रिलमध्ये सुचेता दलाल यांनी ते छापून आणलं. तीन वर्षांनी ब्रिटनची बेअरिंग्ज बँक बुडाली. तिथे तर सिंगापूरला सौदे करणारा आणि त्याच सौद्यांचा हिशेब सांभाळणारा निक लीसन हा एकच माणूस होता.

तेव्हा प्रश्न बॅक ऑफिस चांगलं की वाईट हा नाही. तिथे तुमच्या हातात काय देणार, हा आहे. जीएसटीचंच घ्या. दरमहा रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरलं, तर त्याचं बिल १४ तारखेला खरेदीदाराच्या टू-बीमध्ये दिसतं, आणि २० तारखेला खरेदीदाराला थ्री-बी भरायचं असतं. बिल दिसलं नाही की भरलेल्या कराचं क्रेडिट अडकलं. म्हणून १४ ते २० या दिवसांत अकाउंट्स खात्यात फोन सुरू होतात: ‘‘शेठ, तुमचं बिल टू-बीत येत नाहीये, रिटर्न भरलंत का?’’ ज्या इंटर्नला ही यादी काढून फोन करायला बसवतात, तिला एका महिन्यात जीएसटी पुस्तकापेक्षा जास्त कळतो. पलीकडून मिळणारी उत्तरं ऐकून माणसंही थोडी कळतात.

माझी पहिली उमेदवारी याच्या अगदी उलट गेली. सहा आठवडे मी फक्त व्हाउचर पंच केली. नंबर टाक, एंटर मार, पुढचं घे. बँकेचं स्टेटमेंट वहीशी का जुळत नाही, हे विचारलं तर ‘‘ते आम्ही बघतो’’ असं उत्तर यायचं. शेवटी हातात पडलेल्या प्रमाणपत्रावर माझ्या नावाचं स्पेलिंगही चुकलं होतं. म्हणून मुलाखतीत भीड न बाळगता विचारावं: फरक सापडला तर तो शोधू देणार का? सॉफ्टवेअरचं स्वतःचं लॉगिन मिळणार का, की दुसऱ्याच्या लॉगिनवर बसवणार? दुसऱ्याच्या नावाने एन्ट्री टाकायची असेल तर तिथूनच परत फिरा. पुढे घोळ निघाला तर आधी इंटर्नकडेच बोट जातं.

आता अंतराचं. ऑफर मालाड-गोरेगावची असेल तर गणित बदलतं. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावतेय, पण विरारच्या अलीकडे ती मोजकीच. एक चुकली की पुढचे सगळे बेत कोलमडतात. रेल्वेच्या पासावरची विद्यार्थी सवलत घर ते कॉलेज एवढ्याच प्रवासाला मिळते, त्यामुळे इंटर्नशिपचा पास पूर्ण पैसे मोजून काढावा लागतो. तो आणि दुपारचं जेवण वजा करून स्टायपेंडमधून काय उरतं, ते आधी मांडून बघा. बोईसरच्या मुलीला एमआयडीसी रिक्षाच्या अंतरावर आहे. कॉलेज सांभाळून करायचं तर मी तारापूरच म्हणेन. मालाड उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं ठीक.

पदवीनंतर पंतप्रधान इंटर्नशिप योजना आहेच, असं काहीजण म्हणतात. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली तेव्हा दरमहा ५,००० रुपये आणि २१ ते २४ वयाची अट होती, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती नव्हतीच. म्हणजे दुसऱ्या वर्षातल्या मुलीपुढे तो पर्याय येत नाही. सीए करणाऱ्यांचं वेगळं. २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे आणि ती इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच सुरू होते. इंटरची परीक्षा चार महिन्यांवर आली असेल तर ऑफर कितीही गोड असो, नाही म्हणावं.

बाकीच्यांनी दुसऱ्या वर्षाला घ्यावी. हे काम नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओजेटीत (ऑन-जॉब ट्रेनिंगमध्ये) धरणार का, ते कॉलेजकडून आधीच लेखी घ्या. आणि ऑफरच्या पत्रावर इंटर्नशिप संपण्याची तारीख नसेल, तर ती लिहून मिळेपर्यंत सही करू नका.