गुणांचे स्थलांतर

नोकरीसाठी उमेदवारांची चाचणी घेणारी संगणक-यंत्रणा कालबाह्य झाली, म्हणजे तिच्यातील चाचण्या नव्या यंत्रणेत न्याव्या लागतात. प्रश्न नेणे सोपे. गुणांचा अर्थ नेणे कठीण. १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगाली बुद्धिमापन चाचण्यांच्या प्रमाणीकरणाचे कार्य केले. प्रमाणीकरण म्हणजे पुष्कळांच्या गुणांशी ताडून एकाच्या गुणांचे स्थान ठरविणे. प्रश्नांची मांडणी वा वेळ बदलली की हे स्थान ढळू शकते. म्हणून जुनी यंत्रणा बंद करण्यापूर्वी, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन मोठ्या गटांपैकी एकास जुनी व दुसऱ्यास नवी चाचणी द्यावी आणि दोहोंच्या गुणांचे तुलना-कोष्टक करावे. अन्यथा जुनी ६० गुणांची मर्यादा नव्या चाचणीत योग्य उमेदवारासही नकळत बाहेर ठेवील.