घड्याळाविना विक्रम : फिगर स्केटिंगची वाटचाल

रोहा तालुक्यातील धाटाव हे कुंडलिकेच्या खोऱ्यातील औद्योगिक वसाहतीचे गाव. येथे बर्फ कधी पडत नाही आणि पडण्याचा संभवही नाही. असे असता, बर्फावर खेळल्या जाणाऱ्या फिगर स्केटिंगची माहिती येथील शिक्षकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला कशासाठी हवी, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर थोडक्यात असे देता येईल : कबड्डीतील गुण प्रेक्षकालाही मोजता येतात, धावण्याच्या शर्यतीचा निकाल घड्याळ देते, लांब उडीचा निकाल फीत देते. परंतु लेझीम, मल्लखांब, योगासने, समूहनृत्य यांचा निकाल माणसाच्या नजरेवर अवलंबून असतो. अशा स्पर्धांत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग शिक्षकांवर वरचेवर येतो आणि निकालानंतरची कुरबुरही त्यांनाच ऐकावी लागते. नजरेने ठरणाऱ्या गुणवत्तेला न्याय कसा द्यावा, या प्रश्नाशी फिगर स्केटिंग हा खेळ सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झगडत आला आहे. त्याच्या विक्रमांचा इतिहास हा वस्तुतः त्या झगड्याचाच इतिहास होय.

नाव कसे पडले?

फिगर म्हणजे आकृती. बुटाच्या तळाशी बसविलेल्या पोलादी पात्याला दोन धारा असतात. त्यांपैकी एका धारेवर तोल सांभाळून बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या आकृत्या कोरणे, हे या खेळाचे मूळ रूप. आकृती किती रेखीव उमटली हे परीक्षक बर्फावर वाकून पाहत. या कोरीव कामाला संगीताची व नृत्याची जोड देण्याचे श्रेय जॅक्सन हेन्स या अमेरिकन नर्तकाला दिले जाते. १८६० नंतरच्या दशकात त्याने ही शैली युरोपात नेली. १८९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. तिचा विजेता जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स होता. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९०८ साली, लंडन येथे, म्हणजे हिवाळी ऑलिंपिक सुरू होण्याच्या सोळा वर्षे आधीच दाखल झाला.

आरंभीचे मानकरी

स्वीडनच्या उलरिक साल्को याने १९०१ ते १९११ या काळात दहा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याने रूढ केलेली उडी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यापूर्वी १८८२ मध्ये नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसन याने व्हिएन्ना येथे पुढे तोंड करून उडण्याचा प्रकार दाखविला होता. त्याला ‘अ‍ॅक्सेल’ हे नाव मिळाले. पुढे तोंड करून उडायचे व मागे तोंड करून उतरायचे, त्यामुळे या उडीत अर्धी गिरकी जादा घ्यावी लागते. सर्व उड्यांत ती अवघड मानली जाते ती यामुळेच.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मात्र उडीचा नसून हक्काचा आहे. १९०२ च्या जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या मॅज सायर्स हिने पुरुषांबरोबर नाव नोंदविले. स्त्रियांनी भाग घेऊ नये, असा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. तिने साल्कोच्या खालोखाल दुसरा क्रमांक मिळविला. पुढच्या वर्षी संघटनेने स्त्रियांना या स्पर्धेत मज्जाव केला. परंतु एकदा सिद्ध झालेली गुणवत्ता ठरावाने झाकता येत नाही. १९०६ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र स्पर्धा सुरू करावी लागली. १९०६ व १९०७ या दोन्ही वर्षी मॅज सायर्सच विजयी झाली आणि १९०८ चे ऑलिंपिक सुवर्णपदकही तिनेच पटकाविले.

नॉर्वेची सोनिया हेनी १९२४ च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती. त्या वेळी ती सर्वांत शेवटी राहिली. पुढे १९२८, १९३२ व १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९२७ ते १९३६ अशी ओळीने दहा जागतिक अजिंक्यपदे तिने मिळविली. जोड्यांच्या प्रकारात सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिना हिने दोन वेगवेगळ्या साथीदारांसह १९६९ ते १९७८ या काळात दहा जागतिक अजिंक्यपदे व एकूण तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून तितकीच मोठी कामगिरी केली.

गिरक्यांची चढती भाजणी

अमेरिकेच्या डिक बटन याने १९४८ मध्ये दुहेरी अ‍ॅक्सेल आणि १९५२ मध्ये तीन गिरक्यांची पहिली उडी स्पर्धेत यशस्वी केली. १९७८ मध्ये कॅनडाच्या व्हर्न टेलर याने तिहेरी अ‍ॅक्सेल साधली. १९८८ मध्ये बुडापेस्ट येथे कॅनडाच्याच कर्ट ब्राउनिंगने चार गिरक्यांची उडी घेऊन नवे दालन उघडले. जपानच्या मिदोरी इतो हिने १९८९ च्या जागतिक स्पर्धेत तिहेरी अ‍ॅक्सेल यशस्वी केली व अजिंक्यपद मिळविले. एकेरीत हा मान मिळविणारी ती पहिली आशियाई खेळाडू. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या इल्या मलिनिन याने चौपट अ‍ॅक्सेल, म्हणजे साडेचार गिरक्या, स्पर्धेत प्रथमच पूर्ण केली. या साडेचार गिरक्या सेकंदाच्या आत घेऊन एका पायावर उतरावयाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे कामगिरीची कल्पना येईल.

निकालावरील वाद व सुधारणा

१९२७ मध्ये ऑस्लो येथील जागतिक स्पर्धेत पाच परीक्षकांपैकी तीन नॉर्वेचे होते. त्या तिघांनी आपल्या देशाच्या सोनिया हेनीला पहिले स्थान दिले, तर उरलेल्या दोघांनी ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबो हिला. हेनीची गुणवत्ता पुढील दहा वर्षांनी निर्विवाद ठरविली, तरी त्या दिवसाच्या निकालावरील डाग गेला नाही. त्यानंतर एका देशाचा एकच परीक्षक, असा नियम झाला.

१९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बिट्रिक्स शुबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही सुवर्णपदकाची मानकरी ठरली, कारण आकृत्या कोरण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हते आणि त्या भागाला गुणही भरपूर होते. निकाल नियमानुसार अचूक होता. परंतु दूरचित्रवाणीवर केवळ मुक्त स्केटिंग पाहणाऱ्या लोकांना तो समजेना. पुढे आकृत्यांचे गुण कमी होत गेले व १९९० नंतर तो भाग जागतिक स्पर्धांतून वगळण्यात आला. खेळाचे नाव तेवढे मागे राहिले.

त्या काळी प्रत्येक परीक्षक सहांपैकी गुण देई. सहा म्हणजे निर्दोष. फेब्रुवारी १९८४ मध्ये सारायेव्हो येथे इंग्लंडच्या जेन टॉर्व्हिल व ख्रिस्तोफर डीन यांनी राव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेवर हिमनृत्य सादर केले, तेव्हा कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी सहा गुण दिले. परंतु येथेच पद्धतीची मर्यादाही दिसते. सहाच्या पुढे जागा नाही. उद्या कोणी याहून सरस केले तर त्याला काय द्यावे?

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या निकालात परीक्षकावर दबाव आल्याचे प्रकरण उघड झाले आणि कॅनडाच्या जोडीला दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर, २००४ मध्ये, संघटनेने जुनी पद्धत मोडीत काढली. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला व गिरकीला आधीच ठरविलेले मूल्य आहे. कोणती उडी घेतली हे तांत्रिक मंडळ ठरविते, ती किती चांगली घेतली हे परीक्षक ठरवितात. परीक्षकांच्या गुणांतून सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी धरतात. पडल्यास गुण वजा होतात.

या पद्धतीमुळे आकड्यांतील विक्रम शक्य झाले. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे दक्षिण कोरियाच्या किम यूना हिने २२८.५६ गुणांचा उच्चांक केला. जपानच्या युझुरू हान्यू याने नोव्हेंबर २०१५ मध्ये ३२२.४० गुण मिळवून तीनशेची मर्यादा प्रथम ओलांडली व पुढच्याच महिन्यात ३३०.४३ पर्यंत मजल मारली. २०१४ व २०१८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके लागोपाठ जिंकून त्याने पुरुष एकेरीत डिक बटननंतर प्रथमच हा पराक्रम केला. डिसेंबर २०१९ मध्ये तुरीन येथे अमेरिकेच्या नॅथन चेनने ३३५.३० गुण नोंदविले. मात्र २०१८ मध्ये गुणांची श्रेणी बदलली, तेव्हा संघटनेने आधीचे सर्व उच्चांक ऐतिहासिक म्हणून बाजूला ठेवले व नवी नोंदवही उघडली. मोजपट्टी बदलल्यावर जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करू नये, हा विवेक सर्वच क्षेत्रांत घेण्यासारखा आहे.

विक्रमाची किंमत

विक्रमाची घाई लहान मुलांच्या शरीराला कशी भोवते, याचाही धडा या खेळाने घेतला आहे. हलक्या अंगकाठीच्या मुलींना अनेक गिरक्यांच्या उड्या तुलनेने सोप्या जातात, म्हणून कोवळ्या वयात त्यांच्याकडून कठोर मेहनत करवून घेण्याची प्रवृत्ती वाढली. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या एका खेळाडूचे उत्तेजक द्रव्याचे प्रकरण जगापुढे आले. त्याच वर्षी संघटनेने प्रौढ गटातील किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करण्याचा निर्णय घेतला. २०२४–२५ च्या हंगामापासून तो पूर्णपणे अमलात आला.

भारतातील स्थिती

भारतात सिमला येथे १९२० पासून नैसर्गिक बर्फावर स्केटिंग चालत आले आहे. डेहराडून येथे कृत्रिम बर्फाचे आच्छादित क्रीडांगणही उभारले गेले. तारा प्रसाद हिने २०२५ च्या हार्बिन आशियाई हिवाळी स्पर्धेत भारतातर्फे आठवे स्थान मिळविले.

चाकांवरील स्केटिंगला मात्र बर्फ लागत नाही. १८६३ मध्ये अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टन याने अंग कलवून वळता येईल असे चार चाकांचे स्केट तयार केले आणि फिगर स्केटिंगच्या हालचाली जमिनीवर आल्या. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामा याने एकेरीत व अवनी पांचाळ हिच्यासह जोडीत कांस्यपदक मिळविले. आपल्या राज्यातही रोलर स्केटिंगचा शालेय स्पर्धांत समावेश आहे.

कौशल्य व सौंदर्य यांच्या जोडीने ठरणारा आपला घरचा खेळ म्हणजे मल्लखांब. बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतील या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्क येथे झाली आणि त्याच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

आपण काय घ्यावे?

एक साधे उदाहरण पाहू. लेझीमच्या स्पर्धेत पाच परीक्षकांनी पहिल्या संघाला ७, ७, ८, ७ व ३ असे गुण दिले आणि दुसऱ्या संघाला ६, ७, ७, ६ व ७ असे दिले. साधी सरासरी काढली तर पहिल्याचे ६.४ व दुसऱ्याचे ६.६, म्हणजे दुसरा संघ विजयी. तीन परीक्षकांना सरस व एकाला बरोबरीचा वाटलेला संघ एका परीक्षकाच्या तीन गुणांमुळे हरला. आता प्रत्येकाचा सर्वांत वरचा व सर्वांत खालचा एकेक आकडा वगळा. पहिल्याचे ७, दुसऱ्याचे सुमारे ६.६७. निकाल बदलला, आणि कोणाच्या हेतूबद्दल एक शब्दही उच्चारावा लागला नाही.

यासाठी पैसा लागत नाही. गुणांचे तक्ते आधी लिहून ते सर्व संघांना दाखवावेत, आपल्या शाळेचा संघ असेल तेथे परीक्षक म्हणून बसू नये, शक्य तेथे पाच परीक्षक ठेवावेत व दोन टोकांचे गुण वगळावेत, वयोगटाचा नियम कसोशीने पाळावा आणि निकालपत्रक फलकावर लावावे. धाटावसारख्या गावात बर्फाचे क्रीडांगण होणार नाही, पण सिमेंटची गुळगुळीत फरशी, पुरलेला खांब व लेझीम आहेत. पहिल्या ऑलिंपिकमध्ये शेवटी राहिलेली अकरा वर्षांची मुलगी पुढे दहा वेळा जगज्जेती झाली. आपल्या मैदानावर शेवटी आलेल्या मुलाला आपला निकाल न्याय्य होता एवढी खात्री वाटली, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरेल. स्पर्धा भरविण्याचा हेतू त्यातच सफल होतो.