हजेरी घ्या सर, बॅच आलीय!

दिवाळी जवळ आली की लातूर-नांदेडकडच्या मोबाइलमध्ये एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो. 'दहावीची बॅच. स्नेहमेळावा. प्रत्येकी हजार रुपये. फोन-पे नंबर खाली दिला आहे.' खाली लगेच अंगठ्यांची रांग. मग एखादा पुण्यातून विचारतो, 'जेवणात काय?' दुसरा विचारतो, 'सगळे येलालेत का?' अन् ज्यानं शाळेत कधी गृहपाठ केला नाही, तोच ग्रुपचा अॅडमिन असतो. मेळावा तोच पार पाडतो, हेही खरंय.

मेळाव्याचा साचा तुम्हाला पाठ असेल. गावाच्या फाट्यावर सगळ्यांचे चेहरे असलेला फ्लेक्स. भगवे-गुलाबी फेटे. गुरुजींना शाल-श्रीफळ. 'आम्ही आज जे काही आहोत' या शब्दांनी सुरू होणारी पाच-सहा भाषणं. मग आपापल्या बाकावर बसून हजेरी. दुपारी बुंदी, भाजी-पुरी, मसालेभात. संध्याकाळी ग्रुपवर दोनशे फोटो, त्यातले दीडशे सेल्फी.

पण बॅचचा मेळावा वेगळा अन् शाळेचा स्वतःचा वाढदिवस वेगळा. सध्या आपल्या भागात अमृत महोत्सव जरा जास्तच दिसतात, ते काही उगाच नाही. हिशेब करून बघा. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, मराठवाडा मोकळा झाला अन् त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत गावोगावी शाळा निघाल्या. त्या शाळा आता पंचाहत्तरीला पोचल्यात. नांदेडचं पीपल्स कॉलेज १९५० चं, म्हणजे २०२५ ला पंचाहत्तर. शंभरी गाठलेली खासगी मराठी शाळा मात्र आपल्याकडं शोधावी लागते. का शोधावी लागते, हे कळायचं तर एका गावाला जायला पाहिजे.

गावाचं नाव हिप्परगा. लोहारा तालुका, जिल्हा धाराशिव. 'मग लातूरच्या पुरवणीत कशाला?' असं म्हणू नका. १९८२ पर्यंत लातूर हा त्याच जिल्ह्यातला तालुका होता. अन् हा भाग किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्याला, म्हणजे १९९३ च्या भूकंपाच्या पट्ट्याला लागूनच आहे. या हिप्परग्यात १९२१ साली व्यंकटराव देशमुख, अनंतराव कुलकर्णी या मंडळींनी एक शाळा काढली. राष्ट्रीय शाळा.

१९२१ हे साल नुसतं पाठ करायचं नाही, ते बघायचं. आदल्या वर्षी टिळक गेले होते. गांधीजींच्या असहकारात सरकारी शाळा सोडा अशी हाक होती, म्हणून देशभर राष्ट्रीय शाळा-विद्यापीठं उभी राहत होती. अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, जामिया मिल्लिया, पुण्याचं टिळक विद्यापीठ ही सगळी १९२०-२१ चीच. पण ही मंडळी इंग्रजांच्या राज्यात होती. हिप्परगा निजामाच्या राज्यात. तिथं खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी, सभा घ्यायची तरी परवानगी. या सभाबंदीच्या फतव्याचं नाव आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं : 'गश्ती निशाण ५३'. अशा ठिकाणी सरकारी पैसा न घेता, मुलांच्या मातृभाषेत शिकवणारी शाळा एका खेड्यात काढणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. १९१८ ला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ हे भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारं देशातलं पहिलं विद्यापीठ. इतर विद्यापीठं इंग्रजीला धरून बसली असताना तिथं विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणली जात होती. ही कमाईच होती. फक्त ती भाषा लातूरच्या, वारंगळच्या किंवा गुलबर्ग्याच्या बहुतेक घरांत बोलली जात नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड घरातल्या पोरांना शिकायचं तर आधी भाषेचा डोंगर चढायचा. आज इंग्लिश मीडियममध्ये पहिलीच्या पोराला जे होतं, तेच जवळपास.

या शाळेत १९२९ च्या सुमारास एक तरुण मास्तर आला. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. सोलापूर, अमळनेर, पुणे असं शिक्षण झालेलं, कामगार नेते ना. म. जोशींच्या हाताखाली काम केलेलं, अन् आजारपणानं थकलेलं शरीर. हिप्परग्यात तो मुख्याध्यापक झाला. तिथंच १४ जानेवारी १९३२ ला त्यानं संन्यास घेतला, नाव झालं स्वामी रामानंद तीर्थ. हेच नाव नांदेडच्या विद्यापीठाच्या कमानीवर आहे अन् लातूरच्या कितीतरी पोरांच्या मार्कमेमोवर छापलेलं आहे. मार्कमेमो सगळे जपून ठेवतात, पण ज्याचं नाव त्यावर आहे तो माणूस आधी आपल्या शेजारच्या खेड्यात शाळामास्तर होता, हे किती जणांना माहीत असतं?

संन्यासी म्हटलं की हिमालय डोळ्यांपुढं येतो. या संन्याशानं भगवी घातली अन् पुन्हा वर्गावर गेला. १९३५ ला स्वामीजी, बाबासाहेब परांजपे अन् काही सहकारी हिप्परगा सोडून अंबाजोगाईला (तेव्हाचं मोमिनाबाद) आले, योगेश्वरीच्या शाळेत शिकवू लागले. १९३८ ला स्वामीजी तिथूनही निघाले, हैदराबादला गेले, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह केला अन् ऑक्टोबरात तुरुंगात. पुढचं तुम्ही १७ सप्टेंबरच्या भाषणात दरवर्षी ऐकता. परांजपे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीडचे खासदार झाले. म्हणजे एका खेड्यातल्या स्टाफरूमनं एका राज्याचं राजकारण घडवलं. आजच्या स्टाफरूममध्ये ऑनलाइन माहिती भरण्यातून मान वर काढायला सवड मिळत नाही, तो भाग वेगळा.

पोरंही मागं नव्हती. त्याच १९३८ च्या शेवटाला औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात अन् उस्मानियाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून ठिणगी पडली. बंदी आली, पोरांनी माघार घेतली नाही, शेकडो जणांची नावं काढून टाकली गेली. वय किती? सतरा, अठरा, वीस. नागपूर विद्यापीठानं त्यांना दारं उघडली. अशा नागपूरला गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थीही होता, जो पुढं देशाचा पंतप्रधान झाला.

आता हिप्परग्याच्या शंभरीचं बघा. १९२१ अधिक शंभर म्हणजे २०२१. कोरोनाचं वर्ष. महाराष्ट्रातल्या शाळांना कुलपं, पोरं मोबाइलपुढं, अन् ज्या घरात मोबाइल नाही तिथलं पोरगं बापाबरोबर शेतात. परवानगी मिळत नसताना उभ्या राहिलेल्या शाळेची शंभरी, सगळ्याच शाळा बंद असताना यावी! कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच झालं.

नांदेडकडं येऊ. मुक्तीनंतर दोन वर्षांतच स्वामीजींच्या पुढाकारानं नांदेड एज्युकेशन सोसायटी अन् पीपल्स कॉलेज उभं राहिलं. या कॉलेजचं नाव काढलं की नरहर कुरुंदकर आलेच. कुरुंदकरांची गोष्ट रिपीटर बॅचच्या प्रत्येक पोरानं ऐकावी. परीक्षांशी त्यांचं कधी जमलं नाही, इंटरला गाडी अडली. पण वाचन असं की प्राध्यापक मंडळी त्यांच्याशी वाद घालायला यायची. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते मास्तर होते, मग डिग्र्या पूर्ण केल्या, पीपल्स कॉलेजात शिकवलं अन् त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला, व्याख्यानाच्या व्यासपीठावरच ते गेले. वय पन्नाशीच्या आत. कटऑफ हा शेवटचा शब्द नसतो, हे नांदेडला फार आधीपासून माहीत आहे.

अन् लातूर? राजर्षी शाहू कॉलेज १९७० चं. प्राचार्य जनार्दन वाघमारे अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा असा जो धोशा लावला, त्याला महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणतो. हेच वाघमारे सर १९९४ ला नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पॅटर्ननं खेड्यातल्या पोरांना मेडिकल-इंजिनीअरिंगचा रस्ता दाखवला, याबद्दल वाद नाही. पण आता शहरभर क्लासेस, खोल्या, मेस अन् रँकचे फ्लेक्स. क्लासमधल्या पोराला विचारा, तुझ्या क्लासचा माजी विद्यार्थी मेळावा होतो का? तो हसतो. तिथं दोन वर्षं राहायचं, निकाल लागला की गादी गुंडाळून खोली खाली करायची. तिथल्या बाकावर कुणी नाव कोरत नाही.

आणि ज्या झेडपी शाळेच्या बाकावर कोरलं होतं, ती? २०२३ ला शिक्षण विभागानं कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचा विचार मांडला, तेव्हा आकडा समोर आला : वीस किंवा त्याहून कमी पटाच्या राज्यात चौदा हजारांहून अधिक शाळा. त्यातल्या कितीतरी शाळा गावानं जागा देऊन, पट्टी गोळा करून, श्रमदानानं भिंती उभ्या करून काढलेल्या. म्हणजे सुवर्ण महोत्सवाची कमान अन् शाळा बंद व्हायची चर्चा एकाच वर्षी, असं होऊ शकतं.

आमच्या शाळेच्या पन्नाशीची मीटिंग मला म्हणूनच लक्षात राहिली. अर्धा तास कमानीवर गेला. रंग कोणता, वर कुणाचं नाव, देणगीदारांची पाटी केवढी. मग गावातले एक आप्पा उठले, त्यांची नात दुसरीत. म्हणाले, "कमानीखालून जायला लेकरं कुठून आणणार हाव?" सगळे गप्प. शेवटी कमान झालीच, थोडी लहान झाली. उरलेल्या पैशांतून वर्गखोलीचं गळणारं छत नीट केलं अन् ऑफिसातल्या जुन्या रजिस्टरांचे फोटो काढून ठेवले.

रजिस्टरांची कल्पना आमची नाही, काळाची. २०२३ ला मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरंही कपाटातून बाहेर आली. वाळवी लागलेली, पानं तुटलेली. मोडी अन् उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. कुणाला नोंद सापडली, कुणाला नाही. पण आपल्या पणजोबाचं नाव शाळेच्या शाईत बघून कितीतरी पोरं पहिल्यांदाच त्या ऑफिसात पाच मिनिटं शांत बसली असतील.

आम्ही आमच्या बॅचचं पान उघडलं, तर वेगळंच निघालं. वर्गात सतरा मुली होत्या. ग्रुपवर दोन. बाकीच्या गेल्या कुठं? कुठं म्हणजे, सासरी. आडनाव बदललं, काहींचं तर पहिलं नावही बदललं, नंबर नवऱ्याच्या नावावर. फेसबुकवर शोधून सापडणार कशा? मग उलट्या रस्त्यानं गेलो. कुणाचा भाऊ मोंढ्यात आडतीवर, कुणाची आई अजून गावात, कुणाची चुलती बचत गटात. "सोनकांबळेच्या पोरीला सांगा, शाळेत बोलावलंय," असे निरोप गेले. एकीच्या सासूनं विचारलं, "कशाला? परत परीक्षा हाय का?" रजिस्टरच्या त्याच पानावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारून आठवीत नाव कमी केलेली तीन पोरं होती, ऊसतोडीच्या घरची. त्यांनाही निरोप धाडला. दोघं आले. एकानं येताना शाळेसाठी लिंबाचं रोप आणलं. मंडपवाल्याला अन् शिपाईमामांना स्टेजवर बसवायचं ठरलं होतं. शिपाईमामा बसले नाहीत. म्हणाले, घंटा कोण देणार?

सतरापैकी अकराजणी आल्या. एक पुण्याहून, भोसरीच्या कंपनीतली सुट्टी टाकून. दोघी लेकरं काखेत घेऊन. सरांनी चष्मा लावला अन् जुन्या रजिस्टरवरून, माहेरच्या नावानंच हजेरी घेतली. वीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती अशी नावं. "हजर सर" म्हणताना काहींचा आवाज शाळेतल्यासारखाच बारीक निघाला.

तेवीस नंबरला कुणीच बोललं नाही. मागून एकीनं हळूच सांगितलं, की ती बाळंतपणात गेली, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. सरांनी पेन कागदावर टेकवलं, काही लिहिलं नाही.

"खिडकीपाशी बसायची," म्हणाले. अन् चोवीस नंबर घेतला.