सरकारी खरेदीतला आपला वाटा जातो कुठे?

नोकरभरतीतला अनुशेष आपल्या घराघरांत ठाऊक आहे. राखीव जागा भरली नाही की ती पुढच्या भरतीत धरा म्हणून आपण मोर्चे काढतो. सरकारी खरेदीतही आपला वाटा ठरलेला आहे, पण तिथे अनुशेष नावाची गोष्टच नाही. आपला उद्योजक निविदेत उतरला नाही किंवा अटींत बसला नाही, तर तो वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढावा, असे धोरणातच लिहिले आहे.

बाबासाहेबांनी 1942 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात नोकऱ्यांसोबत केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांचाही प्रश्न मांडला होता. आपण नोकऱ्यांचे लक्षात ठेवले, कंत्राटांचे विसरलो.

केंद्राचे सार्वजनिक खरेदी धोरण 2012 चे, 2015 पासून बंधनकारक. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. प्रत्यक्षात आपली खरेदी या 4 टक्क्यांपासून फार दूर राहिली आहे.

सवलती कागदावर चांगल्या आहेत. निविदेचा अर्ज मोफत, बयाणा रक्कम माफ. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा 100 रुपये असेल आणि आपला 115 पर्यंत, तर आपण 100 वर यायला तयार झाल्यास, मागणी विभागता येत असेल तर, किमान चौथा हिस्सा लघुउद्योगांना मिळू शकतो.

पण दोन गोष्टी आधीच ओळखा. हे धोरण माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे; नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा लाभ नाही. रस्ता, गटार, इमारत अशा बांधकाम कंत्राटांनाही ते लागू नाही, आणि आपली बरीच मुले नेमकी तिकडेच वळतात! भागीदारीत किंवा कंपनीत किमान 51 टक्के वाटा आपला हवा. नाव आपले आणि धंदा दुसऱ्याचा, असले प्रकार कुणी सुचवले तर सही करू नका.

बौद्ध म्हणून अडवले, तर 1990 ची दुरुस्ती दाखवा. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा त्या दुरुस्तीने केंद्रातही कायम आहे. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, दलालाला पैसे मोजू नका. पुढे ‘जेम’ पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव नोंदवा. निविदा भरायला मदत हवी असेल, तर 2016 पासून राष्ट्रीय एससी-एसटी हब त्यासाठीच आहे. बिल 45 दिवसांत न मिळाल्यास 2006 च्या कायद्याने व्याजासह मागता येते.

कार्यकर्त्यांसाठी एक काम. जवळची आयुधनिर्माणी किंवा रेल्वे कार्यशाळा निवडा आणि माहितीच्या अधिकारात विचारा: गेल्या वर्षी एकूण खरेदी किती रुपयांची, आणि त्यातली अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून किती?