पोराचा खेळ कसा पारखायचा?

मुलांनो, आणि मुलांना न्यायला येऊन या भिंतीपाशी घटकाभर थांबणाऱ्या पालक मंडळींनो,

गेल्या बुधवारी शाळा सुटल्यावर मैदानावर फुटबॉल चालला होता. कडेला झाडाच्या सावलीत चार-पाच माणसे बसली होती. सातवीतल्या एका किरकोळ अंगाच्या मुलाच्या पायातून चेंडू निसटला. लगेच कडेने आवाज आला, "आरं, त्येला काढा की भाईर. वारं सुटलं तर उडून जाईल ते!" सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. पण मग त्या मुलाकडे नीट पाहिले. पुढची दहा मिनिटे त्याने एकदाही चेंडू मागितला नाही. आलाच चुकून, तर शेजारच्याला ढकलून मोकळा.

म्हणून या वेळी हा लेख. खेळायचे कसे हे आपण शाळेत शिकवतो. खेळणाऱ्या पोराकडे बघायचे कसे, हे कुणी शिकवत नाही.

तसे आपल्या भागात हे शिकवायची गरज काय, असे कुणीही विचारील. राजर्षी शाहू महाराज आपल्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले. त्यांच्याच काळात, १९१२ साली, कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान तयार झाले. तिथून जवळच शाहू स्टेडियम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस अशी नावे नुसती घेतली तरी कोल्हापूरचा माणूस सरसावून बसतो. डाव कुठे चुकला, पास कुठे द्यायला हवा होता, हे इथला चहावालाही सांगतो. ते खोटे नाही. पण मोठ्या खेळाडूचा खेळ बघणे वेगळे आणि वाढत्या वयातल्या पोराचा बघणे वेगळे. मोठ्याच्या बाबतीत तो आज काय आहे एवढेच बघायचे असते. पोराच्या बाबतीत तो पुढे काय होईल हे बघायचे असते, आणि तिथे भले भले फसतात.

२०१७ साली मी हे डोळ्यांनी पाहिले. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली. चोवीस संघ आणि सहा शहरे. सामने दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, गोवा आणि नवी मुंबई इथे झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुले फुटबॉल खेळली होती, हे तुमच्या दादा-ताईंना आठवत असेल. आणि मुख्य म्हणजे भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला, पुढच्या फळीत खेळणारा.

६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिला सामना होता. आमच्या गल्लीतल्या तालमीत टीव्ही आणून ठेवला होता. लहान पोरे पुढे मांडी घालून, मोठी माणसे मागे भिंतीला टेकून. मध्ये खुर्चीवर आमचे वस्ताद. खेळ सुरू झाला आणि लगेच पारखही सुरू झाली.

"अनिकेत काय करतोय रं? त्येच्या पायात चेंडूच न्हाई."

"नुसता पळतोय. पळायला काय, म्हसरंबी पळत्यात."

इथे मुलांनो, एक गोष्ट समजून घ्या. ज्या संघाला जास्त वेळ बचाव करावा लागतो, त्याच्या पुढच्या खेळाडूकडे चेंडू फार कमी येतो. मग तो करतो काय? समोरच्या बॅकवर धावून जातो, म्हणजे त्याला सावकाश पास देता येत नाही, घाईघाईत लांब मारावा लागतो. कधी बाजूला पळून दोन बॅक स्वतःकडे ओढतो आणि मागून येणाऱ्यासाठी वाट मोकळी करतो. यातले काही धावफलकावर दिसत नाही. टीव्हीवर तर मुळीच दिसत नाही, कारण टीव्हीवाला चेंडूच्या मागे असतो. मैदानावर प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला मात्र दिसते. म्हणून एक युक्ती सांगतो. पुढच्या वेळी मॅच बघताना पाच मिनिटे चेंडू सोडून द्या आणि एकाच खेळाडूकडे बघा. चेंडू यायच्या आधी तो मान वळवून इकडेतिकडे बघतो का? ज्याने आधी बघून ठेवले आहे, त्याला चेंडू आल्यावर वेळ मिळतो. ज्याने बघितलेले नाही, तो चेंडू आल्यावर गोंधळतो, आणि आपण म्हणतो ह्याच्या पायात काही नाही. पायात असते. मान वळवायला कुणी सांगितलेले नसते.

तो सामना आपण ०-३ हरलो. पण शेवटी शेवटी आपल्या अन्वर अलीने मारलेला चेंडू गोलच्या वरच्या आडव्या दांडीवर आदळला, आणि तोच चेंडू घेऊन अमेरिकेने पळत जाऊन तिसरा गोल केला. दांडी चार बोटे वर असती तर आमच्या तालमीत त्या रात्री वेगळेच बोलणे झाले असते! पोरे मात्र तीच, खेळ तोच. ९ तारखेला कोलंबियाविरुद्ध तर गंमतच झाली. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर मणिपूरच्या जॅक्सन सिंगने डोके लावले आणि गोल झाला. विश्वचषकात भारताचा पहिला गोल! तालमीत नुसता धुरळा. कुणी कुणाच्या गळ्यात पडले ते कळेना. आम्ही खाली बसतो न बसतो तोच, पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल केला. १-२.

"कच्ची हाईत पोरं," मागून कुणीतरी म्हणाले. मी म्हणालो, "आपणसुद्धा अजून उभेच होतो की. त्या सतरा वर्षांच्या मुलांचं काय?" गोल झाल्यावर प्रत्येकाने आपापली जागा पुन्हा धरायची असते. आनंदाच्या भरात ती सुटते. मोठ्या संघांचेही असे होते. सवयीने हे जमते, आणि सवय खेळूनच लागते.

तिसरा सामना घानाने ४-० असा जिंकला. हिशेब केला तर सामने तीन, हार तीन, केलेला गोल एक, खाल्लेले नऊ. तालमीतला निकाल लागला की ही पोरे काही कामाची नाहीत. आता पुढचे ऐका. त्याच संघातला जॅक्सन पुढे देशाच्या थोरल्या संघात खेळला. मधल्या फळीतला सुरेश सिंगही खेळला. अन्वरच्या हृदयात दोष आहे असे २०१९ मध्ये निघाले, त्याचा खेळच थांबला होता. तोही परत उभा राहिला आणि थोरल्या संघात गेला. आपला अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद अशा मोठ्या संघांकडून खेळला, आणि २०२२ मध्ये थोरल्या संघासाठी त्याचीही निवड झाली. हे सगळे त्या नऊ गोलांत कुणाला दिसले होते? मला तर नव्हते दिसले.

आता वस्तादांविषयी. वस्तादांना फुटबॉलमधले ओ की ठो कळत नाही, पण पोराचे अंग त्यांना कळते. आपल्याकडे जत्रेत, उरसात लहान मुलांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात, तेव्हा जोड कशी लावतात हे तुम्ही पाहिले असेल. दोन पोरांना शेजारी उभे करतात. मनगट धरून बघतात, मान बघतात, खांदा चाचपतात. वय विचारतही नाहीत. अंगाला अंग जुळले तर जोड. घानाचा सामना बघताना वस्ताद एवढेच म्हणाले, "ही जोड लावली कुणी?"

बोलणे साधे होते, पण त्यात मोठा मुद्दा आहे. त्या स्पर्धेत १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच खेळता येत होते. पण एका वयाची मुले एका अंगाची नसतात. आपल्याच सातवीत बघा. कुणाला मिसरूड फुटायला लागले आहे, तर कुणी अजून चौथीतला वाटतो. दोघेही योग्यच वाढत आहेत. एकाचे अंग लवकर भरते, एकाचे उशिरा. ज्याचे लवकर भरले तो आज जोरात पळतो, धक्का मारून चेंडू काढतो, आणि आपण म्हणतो, वा, काय खेळाडू आहे! दोन वर्षांनी बाकीची मुले त्याच्या बरोबरीला येतात. तोवर त्याने नुसता धक्काच मारला असेल आणि चेंडूवर हात बसवलेला नसेल (फुटबॉलमध्ये पाय म्हणा), तर तो मागे पडतो. आणि जो किरकोळ होता त्याने मार चुकवता चुकवता कसब मिळवलेले असते. पण ते केव्हा? तोवर तो मैदानावर टिकला तर.

वयाचा हा घोळ जगभर आहे. मोठी मुले लहान म्हणून खेळवू नयेत यासाठी २००९ पासून या स्पर्धेत मुलांच्या मनगटाचे एमआरआय यंत्राने चित्र काढतात. मनगटापाशी हाडाच्या टोकाला वाढीची एक पट्टी असते. वाढ पुरी होत आली की ती पट्टी हाडात मिसळून जाते. ती पुरती मिसळलेली दिसली, तर मुलगा बहुतेक सतराच्या वरचा. न्यूझीलंड देशात रग्बी हा अंगाला अंग भिडवायचा खेळ पोरासोरांचा आवडता. तिथे ऑकलंडसारख्या ठिकाणी मुलांचे गट नुसत्या वयावर न पाडता वजनावरही पाडतात, म्हणजे आपल्या कुस्तीसारखेच. आणि कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे काय निघाले पाहा. १९८० च्या दशकात तिथल्या निवडक मुलांच्या जन्मतारखा तपासल्या, तर जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले पुष्कळ आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचे फार थोडे. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या मुलांना खेळ येत नव्हता असे थोडेच? त्यांची वर्षाची मोजणी १ जानेवारीपासून होती. डिसेंबरचे पोर जानेवारीच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान आणि तेवढेच अंगाने कमी. निवडणाऱ्यांनी अंग पाहिले आणि त्याला खेळ समजले.

वस्तादही चुकतात बरं का. २८ ऑक्टोबरला कोलकात्यात इंग्लंड आणि स्पेनची अंतिम लढत झाली. इंग्लंडच्या संघात फिल फोडन नावाचा एक शेलाटा मुलगा होता. त्याला पाहून वस्ताद म्हणाले, "ह्येला घरला पाठवा, जेवाय घाला." इंग्लंडवर आधी दोन गोल झाले. मग त्यांनी पाच केले, त्यातले दोन या पोराचे! स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. सर्वात जास्त, आठ गोल करणारा होता रियान ब्रूस्टर. त्या रात्री कुणी विचारले असते, की या दोघांत पुढे कोण जाणार, तर मी ब्रूस्टरचे नाव घेतले असते. तीनच महिन्यांत त्याला मोठी दुखापत झाली आणि तो बराच काळ खेळाबाहेर राहिला. फोडन मात्र मँचेस्टर सिटीकडून इंग्लंडची मोठी लीग अनेकदा जिंकला.

एवढ्या लांब तरी कशाला जायचे? खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत होते. असे सांगतात, की कॉलेजच्या कुस्त्यांत त्यांची अंगकाठी बघून त्यांना घ्यायलाच तयार नव्हते. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, परवानगी आणली आणि आपल्याहून दांडग्या मल्लांना चीत केले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये याच खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. प्राचार्यांचे दार ठोठवायची छाती खाशाबांपाशी होती. बारा वर्षांच्या मुलापाशी ती असेलच असे नाही.

आता माझे सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण लिहायला घेतलेच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिक्षक होतो. तालुक्याच्या स्पर्धेसाठी कबड्डीचा संघ निवडायचा होता. एक मुलगा रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा. पाणी मारायचा, रेघा आखायचा. अंगाने अगदी बारीक. मी सर्वांसमोर म्हणालो, "तू रेघाच आख. खेळायला पैलवान लागतात." मुले खो खो हसली. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी विचारलेही नाही. आठ-दहा वर्षांनी उसाच्या हंगामात रस्त्याकडेला ट्रॅक्टर थांबवून एक जण खाली उतरला. माझ्यापेक्षा टीचभर उंच, खांदे असे रुंद. पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, वळखलं का? रेघावाला." त्याने ते हसतच सांगितले. मी विचारले, "मग खेळलास का नंतर कुठं?" तो म्हणाला, "न्हाई ओ. कुठलं खेळतोय!" आणि चहा पाजला.

म्हणून आता मी निवड एका दिवसात करत नाही. तीन-चार वेळा बघतो. एकदा जिंकताना बघतो, एकदा मार खाताना. तीन गोल बसल्यावरही कोण चेंडू मागतो ते बघतो. चूक झाल्यावर पोरगं काय करतं, मान खाली घालून उभं राहतं की उलटं पळत जाऊन चेंडूमागं लागतं, हे तर नक्कीच बघतो. डाव्या पायाने मारून बघायची त्याला हौस आहे का, हेही. अंगकाठी सर्वात शेवटी. आणि बोलायचे ते मुलाला बाजूला घेऊन. तरीही चुकतोच, पण पूर्वीपेक्षा कमी.

कडेला बसणाऱ्या मंडळींनी गप्प बसावे असे माझे म्हणणे नाही. आरडाओरडा नसेल तर मॅच कसली! रेफरीला बोला, मला बोला. गुरुजींना टीम लावता येत नाही म्हणा, मला चालेल.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की सहावी विरुद्ध सातवी सामना आहे. वारं आलं तर उडून जाईल असा जो मुलगा आहे, त्याला मी मधल्या फळीत ठेवला आहे. परवापासून बघतोय, चेंडू यायच्या आधी तो दोनदा मान वळवतो. दोन्ही गोलांना जाळी नाही, तेव्हा मागे उभे राहून चेंडू आणायला दोन-चार पोरे लागतील. पाचवीच्या मुलांनी नावे द्यावीत.