ताऱ्यांचे बाळपण आणि चुंबकाचा लगाम

तारे म्हणजे निर्विकार ज्योती, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु काही तारे दिवसागणिक उजळतात आणि मंदावतात. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. १८५२ साली जॉन रसेल हिंद या इंग्रज ज्योतिर्विदाने वृषभ राशीत असाच एक तारा हेरला. त्याचे नाव टी टौरी. १९४५ साली आल्फ्रेड जॉय यांनी अशा अकरा ताऱ्यांचा निराळा वर्ग केला. पुढे कळले, की ही ताऱ्यांची बाळे होत. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा. यांचे वय काही लाख ते काही दशलक्ष वर्षे.

या बाळांभोवती वायू आणि धूळ यांची तबकडी फिरत असते, आणि तीतील द्रव्य ताऱ्यावर पडत असते. पण ते सरळ पडत नाही. आपल्या तासगावकडच्या मळ्यांत दारे धरणारा गडी पाटाचे पाणी अडवतो आणि हव्या त्या वाफ्यात वळवतो. ताऱ्याचे चुंबकक्षेत्र तेच काम करते. ते पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पटींनी प्रबळ असते. वर्णपटातील रेषांच्या रुंदावण्यावरून ते मोजता येते. हे क्षेत्र तबकडीला ताऱ्यापासून काही त्रिज्यांवरच थोपवते. मग वायू बलरेषांच्या पाटांतून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने ताऱ्यावर आदळतो, आणि तेथे तप्त डाग उमटतात. तारा फिरता फिरता डाग समोर आला की तेज वाढते, मागे गेला की घटते. शिवाय प्रवाह कमीजास्त होतो, धूळही आड येते. म्हणून या ताऱ्यांचे तेज इतके लहरी.

चुंबकाचे दुसरे काम लगामाचे. हात पसरून गिरकी घेणाऱ्या मुलीने हात जवळ घेतले, की गिरकी वाढते. आकुंचन पावणाऱ्या ताऱ्याचेही तसेच व्हावयास हवे. तरीही पुष्कळ बालताऱ्यांना एका फेरीस आठवडाभर लागतो. कारण बलरेषा संथ तबकडीत गुंतून ताऱ्याला मागे खेचतात, आणि बाहेर वाहणारा वारा गतीचा वाटा घेऊन जातो.

या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील हौशी निरीक्षक जे मॅकनील यांना मृगात एक नवाच तेजोमेघ दिसला. त्याला उजळणारा बालतारा व्ही १६४७ ओरायनिस सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर आहे. तो मंदावला आणि २००८ साली पुन्हा भडकला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१३ पर्यंत त्याच्यावर नजर ठेवली. दुर्बिणी दोन, पुणे जिल्ह्यातील गिरवलीची आणि लडाखमधील हानलेची. त्याच्या क्ष-किरणांची चढउतार तपासता २०१२ साली दिसले, की तो सुमारे एका दिवसात फिरतो आणि त्याच्यावर तसेच तप्त डाग आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ज्या तबकडीतून तारा वाढतो, तीतूनच ग्रह घडतात, आणि ती काही दशलक्ष वर्षांतच विरून जाते. किती द्रव्य ताऱ्याने गिळावे आणि किती ग्रहांसाठी उरावे, हा हिशेब या लहरी दिवसांत ठरतो. आपली पृथ्वीही अशाच उरलेल्या द्रव्याची आहे. वसंतात दिवेलागणीनंतर पश्चिमेकडे मृग दिसतो. त्याच्या मेघांत आजही तारे जन्मत आहेत.